उद्योजक आणि त्याचा गोतावळा

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘उद्योजक’ हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. एक तरुण, खिशात पैसा नाही, पण डोक्यात एक अफलातून कल्पना आहे. तो एकटाच झगडतो, ठेचा खातो आणि शेवटी कोट्यधीश होतो. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि गणेशोत्सवातील व्याख्यानांतून हीच कथा आपण पुन्हा पुन्हा ऐकतो. कथा स्फूर्तिदायक आहे यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे जरा बारकाईने पाहिले, तर त्याला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. बुद्धी आणि धाडस ही तर गावोगाव असतात. मग नव्या वेब-कंपन्या, म्हणजे ज्यांना आज ‘स्टार्टअप’ म्हणतात त्या, बंगळूर, पुणे, चेन्नई अशा मोजक्या शहरांतच दाटीने का उगवतात?

प्रस्तुत लेखात पुण्याच्या उदाहरणावरून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. उद्योजक रोज कोणते जीवन जगतो, त्याच्या भोवतीचा गोतावळा त्याच्यासाठी काय करतो, आणि आपल्यासारख्या घरांतील मुलामुलींना त्या गोतावळ्यात जागा आहे काय, असे या विवेचनाचे तीन भाग आहेत.

१. स्टार्टअप म्हणजे काय?

प्रत्येक नवे दुकान म्हणजे स्टार्टअप नव्हे. चौकात किराणा मालाचे दुकान काढणाऱ्याला आपले गिऱ्हाईक कोण, माल कोठून आणायचा आणि नफा किती सुटेल याचा साधारण अंदाज असतो. स्टार्टअप काढणाऱ्याला यातले काहीच पक्के ठाऊक नसते. आपण बनवतो आहोत त्या वस्तूची कोणाला गरज आहे की नाही, हेच त्याला प्रथम शोधून काढावे लागते.

जोसेफ शुंपीटर या अर्थशास्त्रज्ञाने १९११ साली आपल्या आर्थिक विकासावरील ग्रंथात उद्योजकाची जी व्याख्या केली, ती येथे उपयोगी पडते. शुंपीटरच्या मते उद्योजक म्हणजे नुसता भांडवलदार नव्हे आणि नुसता व्यवस्थापकही नव्हे. नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा धंद्याची नवी संघटना, यांपैकी एखादी ‘नवी जुळणी’ जो घडवून आणतो तो उद्योजक होय.

इंटरनेटमुळे अशी जुळणी करणे स्वस्त झाले. पूर्वी कारखाना काढायचा तर जमीन, यंत्रे आणि शेड यांसाठी आधी पैसा ओतावा लागे. आज दोन मित्र आपापले लॅपटॉप घेऊन बसतात, दूरच्या मोठ्या संगणकांवरील जागा दरमहा भाड्याने घेतात आणि आपली वेबसाइट किंवा ॲप सुरू करतात. यंत्राचा खर्च असा कमी झाला. परंतु माणसाच्या वेळेचा खर्च मात्र कमी झाला नाही. धंदा बाळसे धरीपर्यंत त्या दोघांच्या घरची चूल कशी पेटायची, हा प्रश्न तसाच राहिला. पुढील सर्व विवेचनात हा मुद्दा ध्यानी ठेवावयास हवा.

२. पुण्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्राला उद्योजकतेची परंपरा नाही असे म्हणण्याची एक पद्धत पडून गेली आहे. वास्तविक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली होती. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी त्यांना जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे त्या काळीही एकट्या माणसाच्या धडाडीला कोणाचा तरी आधार लागलाच होता.

पुण्यात १९३४ साली मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापारी-उद्योजकांची संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या परिसरात वाहने व यंत्रे बनविणारे कारखाने आले. अभियांत्रिकी महाविद्यालये होतीच. १९८८ साली सी-डॅक ही संगणक-संशोधनाची संस्था पुण्यात निघाली आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. १९९० साली आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. अशा प्रकारे वेब-उद्योगांचे पीक येण्यापूर्वीच जमीन नांगरली गेली होती.

यानंतरच्या तीन उदाहरणांकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छिते.

पहिले उदाहरण कैलास काटकर यांचे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचा हा मुलगा दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागला. पुढे त्याने स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटा भाऊ संजय याला मात्र त्याने संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. दुकानात येणारे संगणक व्हायरसमुळे बिघडतात असे दिसू लागले, तेव्हा संजयने त्यावर उपाय करणारे सॉफ्टवेअर लिहिले. त्यातूनच क्विक हील ही कंपनी वाढली आणि २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले. येथे दुरुस्तीचे दुकान हीच पाठशाळा होती, आणि थोरल्या भावाची कमाई हे धाकट्याचे भांडवल होते.

दुसरे उदाहरण द्रुवा या कंपनीचे. २००८ साली पुण्यात जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरमण यांनी ती सुरू केली. संगणकातील माहिती सुरक्षित साठवून ठेवण्याचे काम ती करते. हे काम संस्थापकांना नवे नव्हते. याच क्षेत्रातील व्हेरिटास या मोठ्या कंपनीत त्यांच्यापैकी काहींनी पूर्वी नोकरी केली होती. म्हणजे मोठ्या कंपनीची नोकरी ही त्यांची उमेदवारी ठरली. पुढे २०१९ साली या कंपनीचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेले. परंतु तोपर्यंत तिचे मुख्यालय अमेरिकेत गेले होते, हेही नमूद केले पाहिजे.

तिसरे उदाहरण लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्या फर्स्टक्राय या कंपनीचे. तिचे संस्थापक सुपम माहेश्वरी यांनी २००० साली पुण्यात ब्रेनव्हिसा नावाची संगणकाद्वारे शिक्षण देणारी कंपनी काढली होती. ती २००७ साली विकल्यावर त्यांनी व अमिताव साहा यांनी २०१० साली फर्स्टक्राय सुरू केली. वेबसाइटवरून विकलेल्या वस्तू घरोघर पोचविण्याच्या कामातूनच एक्सप्रेसबीज ही स्वतंत्र कंपनी २०१५ साली वेगळी निघाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फर्स्टक्रायचे शेअर बाजारात आले. केळीच्या एका खुंटाला जशी पिले फुटतात, तशी येथे एका कंपनीतून दुसरी आणि दुसरीतून तिसरी निघाली.

या तिन्ही उदाहरणांत उद्योजक कर्तबगार आहे, पण एकटा कोणीच नाही.

३. उद्योजकाचे रोजचे जीवन

बाहेरून पाहणाऱ्याला उद्योजकाचे स्वातंत्र्य दिसते. त्याला साहेब नाही, हजेरीपट नाही. आतून पाहिले तर त्याचे आयुष्य एका आकड्याभोवती फिरत असते. हातातील पैसा आणखी किती महिने पुरेल, हा तो आकडा. या धंद्यातले लोक त्याला ‘रनवे’, म्हणजे विमानाची धावपट्टी म्हणतात. पट्टी संपण्याआधी विमानाने उड्डाण केलेच पाहिजे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन मैत्रिणींनी निम्म्या-निम्म्या हिश्शाने कंपनी काढली. एका गुंतवणूकदाराने २० टक्के हिश्शाच्या बदल्यात ५० लाख रुपये दिले. याचा अर्थ त्याने पूर्ण कंपनीची किंमत २.५ कोटी रुपये धरली. आता प्रत्येकीचा हिस्सा ५० वरून ४० टक्क्यांवर आला. चार-पाच माणसांचे पगार, जागेचे भाडे, संगणकाचे भाडे मिळून महिन्याला ४ लाख खर्च होत असतील, तर पैसा साडेबारा महिने पुरेल. परंतु पुढील गुंतवणूक मिळविण्यासाठी लोकांना भेटणे, हिशेब दाखविणे, करार करणे यांत पाच-सहा महिने सहज जातात. म्हणजे खऱ्या कामासाठी हाती उरतात सहा-सात महिनेच. पुढे दुसऱ्या गुंतवणूकदाराने २५ टक्के हिस्सा घेतला, तर मैत्रिणींचा हिस्सा प्रत्येकी ३० टक्के होतो आणि पहिल्या गुंतवणूकदाराचा १५ टक्के. आता दोघी मिळून त्यांच्याकडे ६० टक्के आहेत. पण त्यांचे आपसांत बिनसले, तर कंपनीचा निर्णय दुसऱ्यांच्या हाती जातो.

या भीतीमुळेच भागीदारांच्या करारात एक अट घालण्याची रीत पडली आहे. आपला पूर्ण हिस्सा पहिल्याच दिवशी मिळत नाही. तो साधारणपणे चार वर्षांत थोडा थोडा पदरात पडतो आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधी सोडून जाणाऱ्याला काहीच मिळत नाही. लग्नाच्या याद्या करताना वडीलधारी मंडळी जशा गोष्टी आधी बोलून घेतात, तसाच हा प्रकार होय.

हा हिशेब मी सुटीत माझ्या वडिलांना समजावून सांगितला. ते चार गावांच्या आठवडे बाजारात स्टीलची भांडी विकतात. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. ‘रनवे’चा अर्थ ऐकून ते म्हणाले, “अगं, म्हंजे कणगीत जवारी किती दिसाची उरली, त्योच हिशेब की!” त्यांच्या या एका वाक्याने मला विषयाचे मर्म कळले. शब्द नवे असले तरी धंद्याची विवंचना जुनीच आहे.

पैशाखेरीज दुसरी विवंचना मनाची. उद्योजकाला गिऱ्हाइकासमोर, गुंतवणूकदारासमोर आणि नोकरांसमोर एकाच वेळी आत्मविश्वास दाखवावा लागतो. पुढच्या महिन्याचे पगार कसे द्यायचे हे त्याला रात्री ठाऊक नसते आणि सकाळी कार्यालयात हसतमुख जावे लागते. घरी सांगावे तर घरचे म्हणतात, ‘नोकरी कर.’ अशा वेळी हे दुःख ज्याला सांगता येईल असा माणूस एकच, तो म्हणजे त्याच वाटेने जाणारा दुसरा उद्योजक. येथूनच गोतावळ्याचे काम सुरू होते.

४. गोतावळा काय करतो?

आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, एकच धंदा करणारे अनेक लोक एका गावी जमले की काय होते, याचा विचार केला आहे. अशा गावी कारागिराला काम आणि मालकाला कारागीर सहज मिळतो. पूरक धंदे जवळच उभे राहतात. आणि कौशल्य वेगळे शिकवावे लागत नाही, वावरता वावरता अंगी लागते. इचलकरंजीतील यंत्रमाग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. मागाचा भाग तुटला तर तो दुरुस्त करणारा तेथे हाकेच्या अंतरावर असतो.

वेब-उद्योगांना हाच नियम लागू पडतो. पुण्यात २००८ च्या सुमारास ‘ओपन कॉफी क्लब’ सुरू झाला. ही कल्पना मूळची लंडनची, २००७ सालची. अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. नव्या कंपन्या काढणाऱ्यांनी ठरल्या वेळी जमावे, आपले काम दाखवावे आणि मोकळेपणाने बोलावे, इतकेच. अशा बैठकींतून उद्योजकाला तीन गोष्टी मिळतात.

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तकात नसलेली माहिती. कोणता हिशेबनीस नव्या कंपनीचे काम नीट करतो, करारातील कोणते कलम घातक, कोणते गिऱ्हाईक पैसे वेळेवर देते, ही माहिती ओळखीनेच मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे पत. अनोळखी माणसाला कोणी पैसा देत नाही. गोतावळ्यातील एखादा जुना उद्योजक जेव्हा गुंतवणूकदाराला म्हणतो, ‘या मुलीला एकदा भेटा,’ तेव्हा तो स्वतःचे नाव तारण ठेवीत असतो. माझ्या वडिलांनाही तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याने पहिला माल उधारीवर दिला, तो बाजारातील एका जुन्या विक्रेत्याने शब्द टाकला म्हणूनच.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अपयश पचविण्याची सोय. ॲनाली सॅक्सेनियन या अभ्यासिकेने १९९४ साली अमेरिकेतील दोन संगणक-केंद्रांची तुलना केली. बोस्टनजवळील कंपन्या मोठ्या, पण आपापल्या भिंतींआड राहणाऱ्या होत्या. कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीत मात्र माणसे एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत सहज जात आणि प्रतिस्पर्धी असूनही एकमेकांशी बोलत. पुढे बोस्टनचा भाग मागे पडला आणि सिलिकॉन व्हॅलीने उभारी धरली. तेथे कंपनी बुडाली तरी माणूस बुडत नसे. त्याचा अनुभव दुसऱ्या कंपनीच्या कामी येई.

आपल्याकडचे एक उदाहरण सांगते. नारायण मूर्ती यांनी पुण्यात प्रथम सॉफ्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली होती. ती चालली नाही. त्यांनी पाटणी कॉम्प्युटर्समध्ये नोकरी धरली. तेथे त्यांना सहकारी भेटले आणि १९८१ साली सात जणांनी मिळून पुण्यात इन्फोसिस स्थापन केली. त्यासाठी सुधा मूर्ती यांनी आपल्या शिलकीतून दिलेले १०,००० रुपये प्रसिद्धच आहेत. पहिल्या अपयशानंतर नोकरी मिळाली नसती आणि घरात शिल्लक टाकणारे दुसरे माणूस नसते, तर आज ही कथा सांगावयास कोणी उरले नसते.

५. दार कोणासाठी उघडे आहे?

येथवर गोतावळ्याची स्तुती झाली. आता त्याची दुसरी बाजू पाहू.

गोतावळा म्हटला की त्यात आतले आले आणि बाहेरचेही आले. मोठ्या कंपनीत नोकरी, नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालय, शहरातील घर आणि सफाईदार इंग्रजी या चार गोष्टी ज्याच्याकडे आहेत, तो कॉफीच्या टेबलाशी सहज बसतो. ज्याच्याकडे त्या नाहीत, त्याला त्या टेबलाचा पत्ताही कळत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या वर्गात माझ्यासारखे अनेक आहेत. आमच्यात कल्पनांची वाण नाही. वसतिगृहातील एका मुलीने बचत गटांच्या हिशेबाचे ॲप कसे असावे हे वहीत रेखाटून ठेवले आहे; तिची आई तसे हिशेब वर्षानुवर्षे लिहिते आहे. पण ही वही दाखवावी कोणाला?

शिवाय अपयशाची किंमत सर्वांना सारखी नसते. ज्याच्या वडिलांना निवृत्तिवेतन आहे, त्याची दोन वर्षे वाया गेली तर ती ‘अनुभव’ म्हणून जमेस धरली जातात. ज्याच्या शिक्षणासाठी घरातील गाय विकली गेली, त्याची दोन वर्षे गेली तर धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबते. मग आपल्या घरांतून ‘आधी नोकरी’ असा जो धोशा लावला जातो, त्याला भित्रेपणा म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. तो एक अचूक हिशेब आहे.

सरकारने काही केले नाही असे नाही. २०१५ साली मुद्रा योजना आली आणि छोट्या धंद्यांना तारणाविना कर्ज मिळू लागले. जानेवारी २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’चा आराखडा जाहीर झाला व नव्या कंपन्यांना करात सवलती मिळाल्या. परंतु करातील सवलत नफा झाल्यावर उपयोगी पडते आणि कर्ज तर फेडावेच लागते. बाहेरच्या माणसाला आत घेण्याचे काम कायद्याने होत नाही. ते माणसांनीच करावे लागते.

तसे करता येते याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. श्रीधर वेंबू यांच्या झोहो कंपनीने शालेय शिक्षण झालेल्या मुलामुलींना पदवीची अट न घालता विद्यावेतन देऊन शिकविण्याचा व कामावर घेण्याचा उपक्रम चालविला. २०११ साली तिने तेनकाशीसारख्या लहान गावाजवळ कार्यालय उघडले. याच झोहोत पूर्वी नोकरी केलेल्या गिरीश मातृभूतम् यांनी २०१० साली चेन्नईत फ्रेशवर्क्सची स्थापना केली आणि २०२१ साली तिचे शेअर अमेरिकेच्या बाजारात आले. म्हणजे दार उघडे ठेवणाऱ्या कंपनीच्या सावलीतही मोठे उद्योजक घडतात.

६. समारोप

ब्रॅड फेल्ड या अमेरिकन गुंतवणूकदाराने कोलोरॅडोतील बोल्डर या सुमारे एक लाख वस्तीच्या शहराच्या अनुभवावरून २०१२ साली एक पुस्तक लिहिले. स्टार्टअपचा गोतावळा उद्योजकांनीच चालवावा, वीस-वीस वर्षांचा विचार करावा आणि येईल त्याला सामावून घ्यावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. एक लाखाचे शहर हे करू शकते, तर महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांची ठिकाणे त्याहून मोठी आहेत, हे आपण विसरू नये.

मित्रहो, यासाठी मोठ्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याच महाविद्यालयात महिन्यातून एकदा एक बैठक भरविता येईल. तिची भाषा मराठी असावी. तिला गावातील एखादा ॲप बनविणारा तरुण यावा, तसाच आडत्या आणि बचत गटाची अध्यक्षाही यावी. बँकेच्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याने कर्जाचे कागद समजावून द्यावेत. जो यशस्वी झाला त्याच्याइतकाच, ज्याचा धंदा बसला त्याचाही अनुभव तेथे ऐकला जावा. वहीत राहिलेल्या कल्पना तेथे मोकळ्या होतील.

सारांश, एखाद्या शहरातील उद्योजकता वाढते आहे की नाही हे तेथील अब्जाधीश कंपन्यांच्या संख्येवरून ठरवू नये. जिची कोणाशीही ओळख नाही अशी मुलगी तेथे येऊन आपली कल्पना सांगू शकते काय, आणि तिचा पहिला धंदा बुडाला तर दुसऱ्या दिवशी तिला कोणी कामावर घेते काय, हे पाहावे. या दोन प्रश्नांची उत्तरे जेथे ‘होय’ अशी येतील, त्या गावातील आईवडील आपल्या लेकरांना ‘आधी नोकरी’ असे म्हणणे आपोआप थांबवतील.